एकेक फाइल मंजूर, बेरीज कोणाकडेच नाही

शिंदखेड्याहून दोंडाईचाकडे निघा, चिमठाण्याकडे निघा नाहीतर विरदेलकडे. गाव सरले असे वाटते तिथे आता पूर्वीसारखे शेत लागत नाही, ले-आउट लागतो. काळ्या रानात मुरमाचे आखीव रस्ते, कोपऱ्याकोपऱ्यावर चुना लावलेले खुणेचे दगड, तोंडाशी एक कमान आणि शेजारच्या फलकावर ‘एन.ए. मंजूर, बँक लोनची सोय’. खान्देशातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांची कड गेल्या काही वर्षांत अशी झाली आहे.

या नव्या कॉलन्यांत राहायला आलेली माणसे आणि त्यांच्या शेजारी आधीपासून असलेले शेतकरी यांच्याशी बोलले की त्याच त्या गोष्टी ऐकू येतात. पहिल्या जोराच्या पावसात पाणी जुन्या वस्तीत घुसते, कारण वरच्या अंगाला कुणीतरी भराव टाकला आहे. बोअर आणखी खोल न्यावी लागते. सांडपाण्याची गटार शेवटच्या घरापाशी संपते आणि तिथून पुढे कुणाच्या तरी बांधावरून शेतात उतरते. उन्हाळ्यात रस्त्यावर सावलीला एक झाड नाही. पाण्याची तक्रार नगरपंचायतीत जाते, मुरमाची तहसीलमध्ये, नाल्याची कुठे न्यायची हेच कळत नाही. प्रत्येक टेबलावरून येणारे उत्तर बहुतेक वेळा खरे असते: ले-आउट मंजूर आहे, सगळे नियमात आहे. एकेक फाइल उघडून पाहिली तर ती नियमात बसतेच. खरा प्रश्न बेरजेचा आहे, आणि ती बेरीज ठेवण्याचे काम कोणत्याही एका कार्यालयाकडे नाही.

घरे नकोत असे म्हणणारा माणूस इथे भेटत नाही आणि भेटूही नये. पोरांच्या शाळा-कॉलेजसाठी खेड्यातून तालुक्याला आलेले कुटुंब, निवृत्त जवान, एस.टी.चा वाहक, जिल्हा परिषदेचा शिक्षक, आणि सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेला खान्देशी माणूस, या सगळ्यांना गावाजवळ आपल्या नावाचा एक प्लॉट हवा असतो. विकणाऱ्याचीही बाजू आहे. पावसाच्या भरवशावरचे दोन-चार एकर, त्यात कपाशीचा भाव हाती लागेल याची खात्री नाही, आणि गावालगतच्या जमिनीला शेतीच्या कित्येक पट पैसे मिळत असतील तर तो विकणारच. त्यामुळे प्लॉट पाडणाऱ्याला खलनायक ठरवून हा विषय पुढे सरकत नाही. शेतकरी, विकासक, खरेदीदार, मंजुरी देणारा अधिकारी, चौघेही आपापल्या जागी बरोबर वागत असतात आणि तरीही गावाचे पाणी बिघडते. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो.

उदाहरणासाठी गावाच्या एकाच अंगाला, एकाच नाल्याच्या उतारावर, पाच-पाच एकरांचे दहा ले-आउट धरू. पाच एकर म्हणजे साधारण दोन हेक्टर. रस्ते आणि मोकळी जागा सोडली तर अशा एका ले-आउटमध्ये दोनशे चौरस मीटरचे साठेक प्लॉट बसतात. दहांचे मिळून क्षेत्र वीस हेक्टर आणि प्लॉट सहाशे. हे दहा ले-आउट दहा वेगवेगळ्या वर्षी, दहा वेगवेगळ्या गटांत, दहा वेगवेगळ्या नावांनी मंजूर होतात. पुढचे सगळे आकडे या एका कल्पित उदाहरणाचे आहेत, पण खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला ते थोड्याफार फरकाने लावून पाहता येतील.

आधी पाणी. शिंदखेडा तालुका पर्जन्यछायेतला, सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. साक्री तालुक्यात उगम पावून शिंदखेड्याजवळून जाणारी आणि पुढे तापीला मिळणारी बुराई वर्षातला बराच काळ कोरडी असते. पाचशे मिलिमीटर पाऊस वीस हेक्टरांवर पडला तर तो होतो दहा कोटी लिटर. शेत असताना त्यातला मोठा वाटा बांधाशी अडतो, ढेकळांत जिरतो, उरलेला हळूहळू नाल्याला लागतो. त्याच जागी स्लॅब, फरशी, काँक्रीटचा रस्ता आला की छपरावर पडलेल्या पाण्यापैकी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के लगेच वाहून निघते. एका झडीत पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर वीस हेक्टरांवर एक कोटी लिटर पाणी पडते. ते पूर्वी अर्ध्या दिवसात नाल्यात यायचे, आता तास-दीड तासात येते. नाला तेवढाच आहे. बऱ्याचदा तेवढाही नाही.

नाल्याचे काय होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. गावनकाशावर दोन रेघांनी दाखवलेला ओहोळ सातबाऱ्यावर पोटखराब्यात जातो. शेतकरी त्याला सोडून पेरायचा, कारण तिथे पाणी येते हे त्याला बापजाद्यापासून ठाऊक असते. ले-आउटच्या नकाशात तोच ओहोळ सरळ रेषेत येतो, कधी रस्त्याच्या कडेची गटार होतो, कधी एका सिमेंटच्या पाइपात जातो. पाइपाचा व्यास त्या एका ले-आउटपुरता पुरेसा असतो. वरच्या अंगाला पुढच्या पाच वर्षांत आणखी चार ले-आउट होतील आणि त्यांचे पाणी याच पाइपातून जाणार आहे, हे पाइप टाकणाऱ्याने मोजायचे कारण नसते. त्याच्या फाइलीत तो प्रश्नच नाही. शिवाय वरच्याने आपली जोती पाण्यात जाऊ नयेत म्हणून दोन फूट भराव केला की खालच्यासमोर तीन फूट करण्यावाचून पर्याय राहत नाही. ही चढाओढ जिथे थांबते तिथे जुने गावठाण असते, आणि त्याला उचलून उंच करता येत नाही.

भूगर्भाची गोष्ट याहून अवघड आहे. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात बेसाल्टच्या थरांना चिरत वर आलेल्या कठीण दगडाच्या उभ्या भिंती आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. देशातल्या दाट डाईकसमूहांपैकी हा एक. माळावर कुठे कुठे त्या लांबच लांब धारेसारख्या दिसतात, बाकी ठिकाणी मातीखाली दडलेल्या असतात. या भिंती जमिनीतले पाणी अडवतात. म्हणून एकाच शिवारात एकाच्या विहिरीला पाणी आणि दोन शेते पलीकडे कोरडा खडक, असा अनुभव इथल्या माणसाला नवा नाही. याचा अर्थ असा की जमिनीखाली पाण्याचे छोटे छोटे कप्पे आहेत. सहाशे घरांच्या बोअर एकाच कप्प्यात उतरल्या तर तो कप्पा आटायला फार उन्हाळे लागत नाहीत, मग शेजारच्या कप्प्यात कितीही पाणी असो. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, तो लागू झाला २०१४ मध्ये, आणि त्यात साठ मीटरपेक्षा खोल जाणारी विहीर ही ‘खोल विहीर’ धरली आहे. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आज कॉलनीतली बोअर किती फुटांवर लागली हे विचारा आणि मग या व्याख्येकडे पाहा.

तापीच्या पलीकडे शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी स्थानिक नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर नाले खोल-रुंद करून, बंधारे बांधून पाणी जमिनीत घालण्याचे जे काम केले ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर माहीत झाले. डिसेंबर २०१४ पासून राज्य सरकारचे जलयुक्त शिवार अभियान आले, बुराई बारमाही करण्यासाठी बंधाऱ्यांचे प्रयत्नही झाले. म्हणजे शिवारात पाणी मुरवण्यासाठी सरकारी आणि खासगी पैसा खर्च होत असतो, आणि त्याच वेळी गावाच्या कडेला पाणी मुरण्याची जागा गुंठ्यागुंठ्याने बंद होत असते. या दोन्हींचा जमाखर्च एका पानावर मांडलेला कधी पाहायला मिळत नाही.

सांडपाण्याचा हिशेब तर त्याहून सरळ. सहाशे घरे, घरटी पाच माणसे, तीन हजार लोक. भुयारी गटार नसलेल्या नळपाण्याच्या गावाला माणशी रोज सत्तर लिटर हे देशातले रूढ प्रमाण आहे, आणि वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होते असे धरतात. तीन हजार लोकांचे रोजचे सांडपाणी दीड लाख लिटरच्या वर जाते. ते कुठे जाते? कागदावर प्रत्येक घराला संडासाची टाकी आणि शोषखड्डा. पण ही जमीन कपाशीची काळी जमीन आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि एकदा भिजून फुगली की ती पाणी पुढे जाऊ देत नाही. पावसाळ्यात शोषखड्डा शोषत नाही, टाकी भरते, आणि भरलेल्या टाकीचा पाइप मुकाट्याने गटारीला जोडला जातो. उन्हाळ्यात भेगांतून तेच पाणी सरळ खाली उतरते आणि पन्नास फुटांवरच्या बोअरपर्यंत पोचू शकते. एका घराचे सांडपाणी परसातल्या केळीला पुरले असते. सहाशे घरांचे पुरत नाही.

गटारीचे पाणी नाल्यात, नाल्याचे बुराईत, बुराईचे तापीत. धुळे शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक मोठा आधार तापीच आहे. पुढे प्रकाशा, मग उकाई, आणि मग सुरत, जिथे शिंदखेडा तालुक्यातली कितीतरी कुटुंबे रोजगारासाठी राहतात आणि तेच तापीचे पाणी पितात. एका कॉलनीच्या गटारीचा एवढ्या लांब काय परिणाम होणार, असे कुणी म्हणेल, आणि एका कॉलनीपुरते ते खरेही आहे.

मुरमाबद्दल फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे इथेच थांबतो. काळ्या जमिनीवर मुरूम टाकल्याशिवाय पावसाळ्यात पायही ठेवता येत नाही. वीस हेक्टरांपैकी निम्म्या क्षेत्रावर एक फूट मुरूम टाकायचा तर दहा हजार ब्रासच्या वर लागतो, म्हणजे तीन ब्रासच्या डंपरच्या साडेतीन हजार खेपा. हा मुरूम कुठल्या तरी टेकडीतून, गायरानातून, तलावाच्या काठावरून येतो. वाळू नदीतून येते. विटांसाठी सुपीक माती जाते. घर एका जागी उभे राहते आणि खड्डा दुसऱ्या जागी पडतो. ज्या गायरानात तो पडतो तिथले गुराखी त्या ले-आउटच्या मंजुरीत कुठेच नसतात.

झाडांचे थोडक्यात सांगता येईल. बांधावरचे निंब, बाभळी, बोरी प्लॉट पाडताना जातात, आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्यांच्या जागी फक्त विजेचे खांब राहतात. नव्या लागवडीची अट कागदावर असते, पण झाडाला पाणी कोण घालणार हे ठरलेले नसते. कचऱ्याचेही तसेच: घंटागाडी येईपर्यंत रिकामा प्लॉट हीच कचराकुंडी.

रिकाम्या प्लॉटचा प्रश्न मात्र स्वतंत्र लक्ष देण्याजोगा आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेले प्लॉट वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. त्यावर वेडी बाभूळ माजते, पाणी साचते, डास होतात. रस्ता, दिवे, पाण्याची लाइन मात्र सगळ्या ले-आउटभर न्यावी लागते. शंभर घरांचा कर आणि सहाशे घरांच्या लांबीची गटार, असे गणित लहान नगरपंचायतीला कधीच जुळत नाही. म्हणून कॉलन्या ताब्यात घ्यायला ती कचरते, आणि तोवर रहिवासी विकासकाच्या मागे, विकासक नगरपंचायतीच्या मागे. शेत गेले, वस्तीही झाली नाही. जमिनीचा याहून वाईट वापर सुचवता येणे कठीण आहे.

आणि ओपन स्पेस. हा शब्द धुळे-जळगावच्या कॉलन्यांत अगदी म्हाताऱ्या माणसाच्याही तोंडी आहे, कारण त्यावरून भांडणे झालेली सगळ्यांनी पाहिली आहेत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्यात चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या ले-आउटला दहा टक्के मोकळी जागा सोडणे बंधनकारक आहे. दहा ले-आउटची मिळून ती दोन हेक्टर होते. एकत्र आणि नाल्याकाठी असती तर तिथे एक चांगला पाझरतलाव आणि झाडी होऊ शकली असती. पण प्रत्येकाची जागा वेगळी, बहुधा प्लॉट विकला जाणार नाही अशा कोपऱ्यात, तिरक्या तुकड्यात, कधी विजेच्या तारांखाली. मग तिथे सभागृह येते, मंदिर येते, व्यायामशाळा येते. मंदिराला माझा विरोध नाही. पण पाणी मुरण्यासाठी सोडलेली शेवटची जागा फरशीने झाकली जाते याची नोंद व्हायला हवी.

आता कायद्याकडे येऊ, कारण बेरीज निसटते ती इथे. देशाची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. तिच्यानुसार बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते ती वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून, आणि नगरवसाहत किंवा क्षेत्रविकास म्हणून ती लागते पन्नास हेक्टर किंवा दीड लाख चौरस मीटरपासून. आपल्या उदाहरणातला ले-आउट दोन हेक्टरांचा. साठ घरे दीडशे चौरस मीटरची धरली तरी बांधकाम नऊ हजार. दहाही ले-आउटांचे मिळून नव्वद हजार होते. एकाच विकासकाने एकाच वेळी बांधले असते तर मंजुरी लागली असती. इथे बांधणारे सहाशे वेगवेगळे घरमालक आहेत, म्हणून कोणालाच लागत नाही. छपरावरचे पाणी जिरवण्याची सक्ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामाला आहे. दोनशेचा प्लॉट त्यातून सुटतो. महारेराकडे पाचशे चौरस मीटरच्या वरचा ले-आउट नोंदवावा लागतो, पण ती व्यवस्था खरेदीदाराच्या पैशाच्या रक्षणासाठी आहे, नाल्याच्या नाही. पूररेषेचे नियम चांगले आहेत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. पण ते नदीपुरते. शेतातल्या ओहोळाला अशी रेषा कोण आखणार?

दुसरीकडे अकृषक परवानगी सोपी होत गेली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळ्या परवानगीची गरज काढून टाकली. सामान्य माणसाच्या खेपा वाचल्या हे चांगलेच झाले. पण एक टप्पा गेला आणि त्या टप्प्यावर होऊ शकणारी विचारणाही गेली. हद्दीच्या आत नगरपंचायत, हद्दीबाहेर जिल्हाधिकारी, मध्ये नगररचना विभाग. नाला मात्र हद्द ओळखत नाही. ज्यांना हे सगळे परवडत नाही ते गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या गुंठ्यागुंठ्याच्या प्लॉटांत, जातात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटांपुरती होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. तुकडेबंदीही शिथिल होत चालली आहे. घर वाचवायला हे गरजेचे असेल, पण नियमित झालेल्या वस्तीच्या पाण्याचा निचरा त्या शिक्क्याने होत नाही.

मग बेरीज करायचीच नाही असे कायद्याचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. २००६ च्याच अधिसूचनेतल्या पहिल्या अर्जात शेवटी-शेवटी एक प्रश्न आहे: आसपासच्या चालू वा नियोजित अशाच प्रकल्पांमुळे एकत्रित परिणाम होतील का? म्हणजे प्रश्न सरकारला ठाऊक आहे. फक्त तो मोठ्यांनाच विचारला जातो, आणि आपल्या दहा लहानांपैकी एकही तो अर्ज भरायला जात नाही. अमेरिकेत १९७८ च्या नियमांनी एकत्रित परिणामाची व्याख्या करताना स्पष्ट म्हटले होते की एकेकटी किरकोळ वाटणारी कामे मिळून मोठा परिणाम घडवू शकतात. युरोपातल्या निर्देशांतही आधीपासूनच्या व मंजूर प्रकल्पांसह मिळून होणारा परिणाम पाहावा लागतो. केदारनाथच्या प्रलयानंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंडातल्या जलविद्युत प्रकल्पांच्या एकत्रित परिणामाचा अभ्यास करायला सांगितले.

पण शिंदखेड्यासाठी सगळ्यात जवळचा दाखला खाणींचा आहे. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्याला पूर्वी पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या क्षेत्राचे लहान लहान तुकडे करून पट्टे दिले जात. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवले आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी लागेल असे सांगितले. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने ‘क्लस्टर’ ही कल्पना आणली: एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आत असलेले खाणपट्टे एकत्र मोजायचे. जमीन तीच, जिल्हा तोच, महसूल यंत्रणाही तीच. ज्या खाणीतून मुरूम येतो ती शेजारच्या खाणीत मिळवून मोजता येते, तर तो मुरूम जिथे पसरतो तो ले-आउट शेजारच्या ले-आउटात मिळवून मोजायला अडचण कोणती? माझ्या मते या विषयातली मुख्य मागणी हीच असायला हवी. एका नाल्याच्या उतारावरचे ले-आउट, मंजुरीचे वर्ष आणि मालक काहीही असो, एक समूह म्हणून मोजावेत.

याला येणारा खरा आक्षेप खर्चाचा आहे. लहान ले-आउटवर अभ्यासाचे ओझे टाकले तर प्लॉट महागतील आणि गरीब माणूस गुंठेवारीत ढकलला जाईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक विकासकाकडून जाडजूड अहवाल मागणे चुकीचे ठरेल. तो अहवाल मुंबई-पुण्याच्या कुठल्या तरी सल्लागाराच्या संगणकातून निघेल आणि त्यात बुराईच्या जागी भलत्याच नदीचे नाव असेल. अभ्यास एकदाच, सार्वजनिक पैशाने, पाणलोटनिहाय व्हावा, आणि विकासकाला त्यातला आपला वाटा तेवढा सांगावा: या नाल्याला एवढा काटछेद लागेल, एवढे पाणी तुझ्या हद्दीत जिरले पाहिजे, तुझी मोकळी जागा शेजारच्या मोकळ्या जागेला लागून सुटेल, सांडपाणी या सामाईक टाकीत येईल. त्याचा खर्च प्रति प्लॉट काढला तर तो कमानीच्या आणि फलकांच्या खर्चाहून फार मोठा निघेल असे मला वाटत नाही.

यासाठी लागणारी माहिती बरीचशी आधीच जमा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी ती ठेवते. गावनकाशे भूमी अभिलेखात आहेत, मंजूर ले-आउट नगररचना विभागात, मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या तहसीलमध्ये, गटारी आणि नळजोडण्या नगरपंचायतीत. चार दप्तरे एका नकाशावर आणायची आहेत. नगरपंचायतीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना अधिनियमाच्या कलम २६ नुसार हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत बहुतेक हरकती येतात त्या ‘माझ्या गटावरचे आरक्षण उठवा’ अशा. ‘आमच्या उतारावरच्या सगळ्या ले-आउटांचे पाणी मिळून कुठे जाणार ते नकाशात दाखवा’ अशी हरकत शेजारच्या चार कॉलन्या आणि खालचे शेतकरी मिळून देऊ शकतात. तिच्यावर सुनावणी द्यावी लागेल.

मोठ्या शहरांत ही बेरीज उशिरा केल्याची किंमत काय पडते ते दिसले आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पाण्याने माणसे गेली. ओढा वर्षानुवर्षे थोडा थोडा आवळला जात होता. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर पूररेषेतल्या बांधकामांची चर्चा झाली. धुळ्यात पांझरेने १८७२ मध्ये घरादारांची नासाडी केली होती, आणि ऑगस्ट २०१९ मध्येही ती काठ सोडून आली. जळगावचा मेहरूण तलाव वस्तीने वेढला गेला आणि सांडपाण्याची काळजी नंतर सुरू झाली. या शहरांकडे निदान अभियंते आहेत, निधी आहे, वृत्तपत्रांचे लक्ष आहे. तालुक्याच्या गावात नाला बुजला तर तो पुन्हा खोदायला यातले काहीच नसते.

शिंदखेडा तालुक्यात मागणी यापुढे वाढणारच आहे. नरडाण्याची औद्योगिक वसाहत आहे, दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात धुळे-नरडाणा गुंतवणूक क्षेत्र आहे, आणि २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी. रेल्वेची खूण पडली की आजूबाजूच्या गटांचे भाव हलतात आणि प्लॉट पाडायला सुरुवात होते, रूळ पडायच्या कितीतरी आधी. मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरण अहवाल कुणीतरी करेल. त्यांच्या सावलीत उगवणाऱ्या पाच-पाच एकरांच्या ले-आउटांचा कुणी करणार नाही. नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा या तिन्ही ठिकाणी आज जे नाले मोकळे आहेत त्यांची मोजणी, हद्दीचे दगड आणि सातबाऱ्यावर ‘नाला’ अशी स्पष्ट नोंद एवढे काम रेल्वेच्या भूसंपादनाच्या मोजणीबरोबरच करता येईल. त्याच काळात, त्याच गटांजवळ, भूमापक तसेही शिवारात उतरणार आहेत.